यादीबाहेरचा जगज्जेता : रुस्तम कासिमजानोव

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जिंकला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी एकच आकडा छापला : अठरावा जगज्जेता. स्टाइनिट्झपासून मोजायला सुरुवात केली की आनंद पंधरावा, कार्लसन सोळावा, डिंग लिरेन सतरावा आणि गुकेश अठरावा. पण ही मोजणी जुळवायची तर चार माणसांना वगळावे लागते. बुद्धिबळाची जागतिक संघटना असलेल्या फिडेने त्यांच्या गळ्यात रीतसर जगज्जेतेपदाचा हार घातला होता : खलिफमन, पोनोमारियोव, कासिमजानोव आणि टोपालोव. बाकी तिघांना आज बाजूला ठेवतो. मला लिहायचे आहे ते ताश्कंदच्या रुस्तम कासिमजानोवबद्दल. या चौघांत सर्वांत कमी आठवला जाणारा तोच असावा, आणि आनंदच्या तीन जगज्जेतेपदांच्या मागे उभा असलेला माणूसही तोच आहे.

आधी नावाबद्दल थोडे. कासिमजानोव म्हणजे कासिम आणि जान, त्याला मागून चिकटलेला रशियन ‘ओव’. रुस्तम तर थेट फिरदौसीच्या शाहनाम्यातला. बुद्धिबळ हिंदहून इराणच्या नौशेरवानच्या दरबारात कसे गेले त्याची कथाही याच शाहनाम्यात आहे. आपल्या पटावरचा वजीर, आपला शह, आपली मात, हे सगळे शब्द तिकडून फिरून परत आलेले. समरकंदजवळ अफ्रासियाबच्या उत्खननात १९७७ साली हस्तिदंताची सात छोटी मोहरी सापडली. साधारण आठव्या शतकाच्या आसपासची, जगातल्या सर्वांत जुन्या मोहऱ्यांपैकी. तैमूरलंगाने मुलाचे नाव शाहरुख का ठेवले याचीही एक बुद्धिबळाचीच गोष्ट सांगतात : हत्तीने राजाला शह देत असतानाच मुलगा झाल्याची खबर आली. खरीखोटी खुदा जाने. पण त्या मुलखात हा खेळ पाहुणा नाही, एवढे खरे.

आपल्याकडे मात्र मुसलमान आणि बुद्धिबळ हे दोन शब्द एकत्र आले की प्रेमचंदांचे मिर्झा आणि मीर आठवतात. राज्य बुडाले तरी पट न सोडणारे. प्रेमचंदांनी लिहिले, सत्यजित रायांनी १९७७ मध्ये त्यावर चित्रपट काढला, आणि ती प्रतिमा कायमची बसली. दुसरीकडे मोहल्ल्यातले वडीलधारे ‘हे जायज आहे का’ म्हणून विचारतात. हा वादही हजार वर्षांचा. इमाम शाफई यांच्या परंपरेत जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर खेळ चालतो. इराणमध्ये क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली होती, ती खोमेनींनीच १९८८ मध्ये उठवली. २०१६ मध्ये सौदीच्या मुफ्तींनी पुन्हा ‘हराम’ म्हटले. रुस्तमची श्रद्धा काय, तो नमाज पढतो की नाही, हे मी लिहिणार नाही. तो त्याचा प्रश्न. माझा प्रश्न साधा आहे : ज्याने जगातल्या बलाढ्य खेळाडूंना एकापाठोपाठ एक हरवून पद मिळवले, त्याचे काय झाले?

रुस्तमचा जन्म ५ डिसेंबर १९७९ चा, ताश्कंदचा. म्हणजे सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तो बारा वर्षांचा होत होता. त्याच्या आधी उझबेकिस्तानात एक मोठे नाव होऊन गेले होते : गेओर्गी अग्झामोव, मध्य आशियाचा पहिला ग्रँडमास्टर. १९८४ मध्ये त्याला किताब मिळाला आणि १९८६ मध्ये सेवास्तोपोलला कड्यावरून पडून तो गेला. बत्तिशीच्या आत. ताश्कंदला त्याच्या नावाने स्पर्धा भरते. रुस्तमच्या पिढीसाठी अग्झामोव ही जितकी प्रेरणा होती तितकीच हळहळही असणार. सोव्हिएत काळात अशा कडेच्या गणराज्यातल्या मुलाला मॉस्कोच्या नजरेत भरावे लागे. रुस्तम मोठा झाला तोपर्यंत ती नजर उरली नव्हती, आणि तिच्यासोबत येणारा पैसा आणि प्रशिक्षणही उरले नव्हते. १९९८ मध्ये तो आशियाई विजेता झाला, १९९९ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत दुसरा आला, आणि पुढे जर्मनीत स्थायिक झाला.

भारताशी त्याची पहिली मोठी गाठ २००२ ची. हैदराबादला फिडेचा विश्वचषक भरला होता. अंतिम फेरीत आनंद आणि रुस्तम. आनंद जिंकला, टाळ्या त्याच्याच शहरांत वाजल्या, आणि हरलेल्या उझबेक पोराचे नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिले नाही.

आता त्रिपोली. त्याआधी जगज्जेतेपदाचा गुंता समजून घ्यावा लागेल, कारण रुस्तमचे सगळे नशीब त्या गुंत्यात अडकले. १९९३ मध्ये कास्पारोव आणि शॉर्ट यांनी फिडेला रामराम ठोकून आपला सामना वेगळा खेळला. तेव्हापासून जगज्जेते दोन झाले. एकीकडे कास्पारोवची गादी, जी २००० मध्ये क्रामनिकने जिंकली. दुसरीकडे फिडेचे पद, ज्यासाठी पुढे शंभरावर खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा होऊ लागली. हरलात की बॅग उचला. मे २००२ मध्ये प्रागला समझोता झाला की फिडेचा विजेता कास्पारोवशी खेळेल, दुसऱ्या बाजूला क्रामनिक आपल्या आव्हानवीराशी खेळेल, आणि जिंकणारे दोघे एकमेकांशी भिडून एकच जगज्जेता ठरेल. पोनोमारियोव आणि कास्पारोवचा सामना ठरला आणि मोडला. म्हणून फिडेने नवा विजेता शोधायला २००४ च्या उन्हाळ्यात लिबियाच्या राजधानीत १२८ जणांची स्पर्धा भरवली.

ती स्पर्धा सुरू होण्याआधीच वादात सापडली. यजमान गद्दाफींचे सरकार. इस्राएली खेळाडूंना येऊ देणार की नाही यावर बरेच दिवस घोळ चालला. लिबियाच्या ऑलिंपिक समितीचा प्रमुख गद्दाफींचाच मुलगा, त्याने उघड विरोधाचे विधान केले, आणि इस्राएलचे खेळाडू आले नाहीत. पॅलेस्टाइनबद्दल मला काय वाटते ते माझ्या वाचकांना ठाऊक आहे. तरीही सांगतो, एखाद्याला त्याच्या पासपोर्टवरून पटापासून लांब ठेवणे मला पटत नाही, मग ते त्रिपोलीत असो की आज आणखी कुठे. याची किंमत स्पर्धेलाच चुकवावी लागली. कास्पारोव, क्रामनिक, आनंद हे तर नव्हतेच, वरून ‘ही कसली जागतिक स्पर्धा’ म्हणायला लोकांना आयते कारण मिळाले.

रुस्तमला तिथे अठ्ठाविसावे मानांकन होते. म्हणजे आयोजकांच्या कागदानुसार तो तिसऱ्याचौथ्या फेरीत घरी जायचा. दुसऱ्या फेरीत त्याने इराणच्या एहसान गायम मगामीला हरवले. बंदी उठल्यानंतर शिकलेल्या पिढीचा हा मुलगा. मग समोर आला इव्हानचुक, जो फॉर्मात असला की जगातल्या कुणालाही लोळवत असे. तो गेला. मग अल्माशी, मग ग्रिश्चुक. उपांत्य फेरीत टोपालोव, स्पर्धेतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, तोपर्यंत एकही डाव न हरलेला. सगळ्यांनी अंतिम फेरीत त्याचे नाव लिहूनच ठेवले होते. संथ डावांत बरोबरी झाली आणि कमी वेळेच्या डावांत रुस्तमने त्याला बाहेर काढले. अंतिम फेरी इंग्लंडच्या मायकेल अ‍ॅडम्सशी, सहा डावांची. ३-३. पुन्हा टायब्रेक, पुन्हा रुस्तम, दीड विरुद्ध अर्धा. एकूण साडेचार-साडेतीन. १३ जुलै २००४ ला चोविशीतला हा तरुण फिडेचा जगज्जेता होता.

‘टायब्रेकवर जिंकला, नशीब’ असे तेव्हाही म्हटले गेले आणि अजूनही म्हणतात. मला हे म्हणणे मान्य नाही. इव्हानचुक, ग्रिश्चुक, टोपालोव आणि अ‍ॅडम्स यांना एका महिन्यात नशिबावर हरवता येत नाही. बाद फेरीत खेळणे ही वेगळीच विद्या आहे. आज हरलात तर उद्या नाही, आणि समोरच्यालाही ते माहीत आहे. अशा वेळी बहुतेक खेळाडू आखडतात. रुस्तम आखडत नव्हता. त्याच्या खेळाला एक ठाशीव चेहरा नव्हता. ताल म्हटले की बलिदाने, पेट्रोस्यान म्हटले की तटबंदी, तसे रुस्तम म्हटले की चटकन काही डोळ्यांसमोर येत नाही. कागदावर ही उणीव वाटते. प्रत्यक्षात तोच त्याचा गुण होता. संथ स्थिती असेल तर तो संथ खेळे, आणि समोरच्याने भांडण काढले तर भांडणात मागे हटत नसे. आणि सुरुवातीच्या चालींची तयारी घरून इतकी खोल करून येई की पंधराव्या-सोळाव्या चालीला समोरचा घड्याळाकडे पाहत बसलेला आणि हा अजून पाठ केलेल्याच वाटेवर.

याचा नमुना पाहायचा तर सान लुईसचा डाव पाहावा. २००५ च्या शरद ऋतूत अर्जेंटिनातल्या त्या गावी फिडेने आठ जणांची जागतिक स्पर्धा घेतली. तिसऱ्या फेरीत रुस्तमकडे पांढरी मोहरी आणि समोर आनंद. आनंदने सिसिलियनचा नायडॉर्फ प्रकार घेतला, दोन्ही बाजूंनी बाण सुटू लागले. आणि मग रुस्तमने आपला वजीर देऊन टाकला. बदल्यात त्याला तीन छोटे मोहरे मिळाले, काळ्याकडे वर दोन प्यादी जास्त. हिशेबाने पाहिले तर पांढऱ्याची बाजू चांगली म्हणता येणार नाही. पण वजीर एकटा आहे आणि तिघे एकमेकांना धरून आहेत. काळ्याचा राजा मध्येच अडकलेला, त्याचा हत्ती कोपऱ्यात बंद. रुस्तमला मात करायची घाई नव्हती. तो फक्त आपल्या तिघांना एकेका चांगल्या घरात नेऊन बसवत राहिला. आनंदने प्रतिकार केला, प्यादे पुढे ढकलत वजीर करायचीही धडपड केली. पण शेवटी हरला. या डावाकडे मी पुन्हापुन्हा जातो, कारण वजीर देणे म्हटले की आपल्याला आतषबाजी अपेक्षित असते. इथे तसे काही नाही. वजीर दिला जातो तो एखाद्या हिशेबी दुकानदाराने जुना माल देऊन नवा घ्यावा तसा.

पण त्या स्पर्धेत तो जिंकला नाही. टोपालोवने मैदान मारले आणि रुस्तम खालच्या अंगाला राहिला. जगज्जेतेपद चौदा-पंधरा महिन्यांचेच ठरले.

आणि त्या काळात ज्या सामन्यासाठी त्रिपोलीचा सगळा खटाटोप झाला होता तो सामना झालाच नाही. कास्पारोव विरुद्ध कासिमजानोव, जानेवारी २००५, संयुक्त अरब अमिराती. अशी घोषणा झाली, मग पैसे उभे राहिले नाहीत, मग तुर्कस्तानचे नाव निघाले, तेही बारगळले. जानेवारीत कास्पारोवने हात झटकले. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत दोघे समोरासमोर बसले, कास्पारोवने काळ्या मोहऱ्यांनी रुस्तमला हरवले, आणि त्याच स्पर्धेनंतर, १० मार्चला, निवृत्ती जाहीर केली. म्हणजे जगज्जेतेपदाच्या सामन्याऐवजी रुस्तमच्या वाट्याला नुसती एका स्पर्धेतली फेरी आली. तो सामना झाला असता तर रुस्तम हरला असता, हे मी डोळे झाकून लिहून देतो. पण कास्पारोवशी सामना खेळून हरलेला माणूस इतिहासात राहतो. शॉर्ट राहिला आहे. सामना न खेळता बाजूला पडलेला माणूस तळटीपेतही राहत नाही.

२००७ मध्ये एलिस्ताला कँडिडेट्सच्या सामन्यांत तो गेलफांदशी खेळला. सहाच्या सहा डाव बरोबरीत. टायब्रेकमध्ये या वेळी गेलफांद सरस ठरला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. जगातल्या पहिल्या दहांत रुस्तम कधीच नव्हता. तिशीकडे झुकलेला, जर्मनीत राहणारा, माजी फिडे जगज्जेता. अशा खेळाडूंची गत आपल्याला ठाऊक आहे : खुल्या स्पर्धा, क्लबचे सामने, हळूहळू घसरत जाणारे गुणांकन.

इथे आनंदने त्याला बोलावले.

मोठ्या सामन्यातल्या खेळाडूच्या साहाय्यकाला बुद्धिबळात ‘सेकंड’ म्हणतात. शब्द आला द्वंद्वयुद्धातून, जिथे लढणाऱ्याची पिस्तुले तपासायला एक माणूस सोबत असे. सेकंडचे काम सामन्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. चारपाच जण एका घरात राहतात. संगणक रात्रंदिवस चालतात. समोरचा काय खेळेल, त्यावर आपण कुठली नवी चाल काढू, ती चाल संगणकाला आवडते पण माणसाला पटावर बसून सापडेल का, हे सगळे तपासून नोंदी तयार करायच्या. सामना सुरू झाला की खेळाडू रात्री झोपतो आणि सेकंड जागतात. सकाळी त्याच्यासमोर तयार ताट ठेवायचे. आणि दुपारी तो पटावर बसला की यांनी खुणेचा एक हातही हलवायचा नाही. तो ती चाल विसरला तर बाहेर बसून बघत राहायचे.

२००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध आनंदचा चमू होता : डेन्मार्कचा पीटर हाइने नील्सन, रुस्तम, कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली आणि पोलंडचा राडोस्लाव वोयताशेक. आनंद आयुष्यभर राजासमोरचे प्यादे आधी पुढे टाकणारा माणूस. बॉनला त्याने वजिरासमोरचे टाकले. क्रामनिकची निम्मी तयारी तिथेच पाण्यात गेली. तिसऱ्या डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी मेरान प्रकारातली एक धगधगती वाट धरली. प्यादी सोडून पांढऱ्या राजासमोरची फळी मोकळी केली आणि जिंकला. पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच वाटेने आला, बहुधा आपण घरी जाऊन उत्तर शोधले आहे या भरवशावर, आणि पुन्हा हरला. सहावा डावही आनंदचा. सामना साडेसहा-साडेचार असा संपला.

या चाली कुणी शोधल्या? रुस्तमने, नील्सनने, की स्वतः आनंदने? त्या खोलीबाहेर कुणाला ते सांगता येणार नाही, आणि तसेच असायला हवे. डावाच्या नोंदीवर दोनच नावे असतात. यात मला काही अन्यायाचे दिसत नाही, हा त्या कामाचाच नियम आहे. पण एकदा स्वतः त्या नोंदीवर जगज्जेता म्हणून नाव असलेल्या माणसाने हे काम पत्करणे, याला वेगळे काळीज लागते. आणि तेही अशा माणसासाठी, ज्याने हैदराबादला आपल्याला हरवले आणि ज्याला आपण सान लुईसला हरवले. आपल्याकडे निवृत्त खेळाडूंच्या मानापमानाच्या कथा रोज वाचायला मिळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

२०१० मध्ये सोफियाला टोपालोवविरुद्ध तोच चमू. त्रिपोलीत टोपालोवला बाहेर काढणारा माणूस या वेळी आनंदच्या बाजूला. पहिला डाव आनंद हरला, मग दोन जिंकले, आठवा पुन्हा हरला. बाराव्या आणि शेवटच्या डावात काळ्या मोहऱ्या होत्या. तिथे त्यांनी काढला लास्करचा बचाव, शंभरावर वर्षांचा जुना, कंटाळवाणा समजला जाणारा प्रकार. मला ही निवड फार आवडते. टोपालोवला बरोबरी नको होती, त्याला टायब्रेक टाळायचा होता. अशा अधीर माणसासमोर भिंत उभी करायची आणि त्यालाच धडका मारू द्यायच्या. त्याने मारल्या, आणि आपलाच राजा उघडा पाडून घेतला. सहा वर्षांपूर्वीही टोपालोव बरोबरीच्या डावांतून रेटत रेटत टायब्रेकला आला होता आणि तिथे कोसळला होता.

मग २०१२, मॉस्को, त्रेत्याकोव कलादालन. समोर गेलफांद. सातवा डाव आनंद हरला, आठवा सतरा चालींत जिंकला. जगज्जेतेपदाच्या सामन्यातला तो सर्वांत छोटा निकाली डाव. बारा डाव ६-६, आणि टायब्रेकमध्ये आनंद अडीच-दीड. पाच वर्षांपूर्वी गेलफांदसमोर सहा बरोबऱ्या आणि मग टायब्रेकमधली हार हे सगळे रुस्तमने स्वतःच्या अंगावर घेतले होते. पुढच्या वर्षी चेन्नईत कार्लसनसमोर आनंद बसला तेव्हा चमू बदललेला होता आणि रुस्तम त्यात नव्हता.

इथे मला एक जुनी जोडी आठवते. दहाव्या शतकात बगदादला अबू बक्र अस-सूली नावाचा माणूस होता. खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात त्याने जुन्या विजेत्याला हरवले आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ शतरंजपटू ठरला. तो इतिहासकार होता, कवितेचा जाणकार होता, आणि त्याने शतरंजवर पुस्तक लिहिले. त्याने मांडलेले एक कोडे हजार वर्षे कुणाला सुटले नाही. विसाव्या शतकाच्या शेवटाकडे आव्हरबाख या रशियन ग्रँडमास्टरने ते सोडवले. सूलीचा एक शागीर्द होता, अल-लजलाज. लजलाज म्हणजे अडखळत बोलणारा. त्याने सुरुवातीच्या चालींवर सविस्तर लिहिले, कुठली मांडणी का चांगली, तिला उत्तर काय. आजच्या सेकंडच्या नोंदींचा तो पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्या काळात उस्तादाचे ज्ञान शागिर्दाने लिहून काढायचे आणि त्यावर दोघांची नावे राहायची. आजच्या संगणकातल्या नोंदी मात्र सामना संपला की कुलूपबंद होतात.

कुलूप किती महत्त्वाचे, हे रुस्तमच्या पुढच्या शागिर्दाला कळले. फाबियानो कारुआना, इटालियन वंशाचा अमेरिकन. रुस्तम त्याचा मुख्य प्रशिक्षक झाला. मार्च २०१८ मध्ये बर्लिनला कारुआनाने कँडिडेट्स जिंकली, चौदापैकी नऊ गुण. तिथले त्याचे हत्यार होते पेत्रोव बचाव. बरोबरी करायची असेल तर हा खेळावा, अशी त्याची ख्याती. कारुआनाने काळ्या मोहऱ्यांनी त्यात क्रामनिकला हरवले आणि शेवटच्या फेरीत ग्रिश्चुकला. सोफियाच्या लास्कर बचावाशी याचे साम्य माझ्या डोळ्यांत भरते : निरुपद्रवी म्हणून कोपऱ्यात टाकलेली चीज उचलायची, घासायची आणि धार लावायची. हे साम्य मी पाहतो म्हणून आहे की खरेच एका माणसाच्या हाताची ती खूण आहे, हे वाचकांनी डाव पाहून ठरवावे.

नोव्हेंबरात लंडनला कार्लसनविरुद्धचा सामना सुरू असताना अमेरिकेतल्या एका क्लबने कारुआनाच्या शिबिराची छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यात लॅपटॉपच्या पडद्यावर सुरुवातीच्या प्रकारांची नावे दिसत होती. चित्रफीत काढली गेली, तोवर जगाने ती पाहिली होती. पहिला डाव ११५ चाली, सात तास, बरोबरी. मग दुसरा, तिसरा, असे करत बाराच्या बारा बरोबरीत. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. टायब्रेकमध्ये कार्लसनने ३-० ने उडवले. ज्या दारातून रुस्तम त्रिपोलीत आत गेला होता, त्याच दारात त्याचा शागीर्द अडला.

यात आणखी एक गंमत आहे. २०११ मध्ये रुस्तमने बुद्धिबळ जगताला एक जाहीर पत्र लिहिले होते. बरोबऱ्यांमुळे हा खेळ प्रेक्षक गमावतो आहे, टेनिसमध्ये निकाल लागल्याशिवाय कुणी मैदान सोडते का, असा त्याचा सवाल. उपाय असा : डाव बरोबरीत सुटला की त्याच दिवशी कमी वेळेचा डाव खेळा, तोही सुटला तर आणखी कमी वेळेचा, निकाल लागेपर्यंत. तेव्हा बऱ्याच जणांनी नाके मुरडली. २०१९ पासून नॉर्वेच्या मोठ्या स्पर्धेत बरोबरीनंतर लगेच निकाली डाव खेळवतात. तिथेही या पत्राची आठवण कुणी काढत नाही.

प्रशिक्षकांचे दिवस आता थोडे बदलताहेत. चेन्नईचे रमेश यांचे नाव प्रज्ञानंदबरोबर घेतले जाते. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारतीय महिलांनी ऑलिंपियाडचे सुवर्ण जिंकले तेव्हा कर्णधार म्हणून पुण्याचा ग्रँडमास्टर अभिजित कुंटे छायाचित्रात होता, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्याची दखलही घेतली. बरे वाटले.

रुस्तम त्रिपोलीत जिंकला त्याला दोन महिने होत होते तेव्हा ताश्कंदला नोदिरबेक अब्दुसत्तोरोव जन्मला. २०२१ मध्ये सतराव्या वर्षी तो जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. २०२२ मध्ये चेन्नईजवळ मामल्लपुरमला त्याच्यासह उझबेक पोरांनी ऑलिंपियाडचे सुवर्ण नेले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात विश्वचषक भरला. हैदराबादला रुस्तम ज्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आनंदशी हरला होता, त्याला तेवीस वर्षे झाली होती. गोव्यात अंतिम फेरीत चीनच्या वेई यीसमोर एकोणीस वर्षांचा उझबेक मुलगा होता, जावोखिर सिंदारोव. संथ डाव बरोबरीत सुटले, आणि टायब्रेकमध्ये तो जिंकला.